राज्यसभेचा दिवस आणि खानापूरच्या मराठी शाळांचा प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलंय ते थोडक्यात असं: "आम्ही चार-पाच शिक्षकांनी महिनाभर मागे लागून राज्यसभेच्या एका खासदारांकरवी सीमाभागातल्या मराठी शाळांबद्दल प्रश्न पाठवला. तो तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा) म्हणून लागला. त्या दिवशी सकाळी अकरापासून टीव्हीसमोर बसलो. आधी कसले कसले कागद ठेवले, मग घोषणा, मग तहकुबी. बाराला तेच, दोनला तेच. आमचा प्रश्न कुणी उच्चारलासुद्धा नाही. संध्याकाळी खासदारांच्या कार्यालयातून लेखी उत्तर आलं. त्यात म्हटलंय की शिक्षण समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांच्या यादीत) आहे आणि बहुतेक शाळा राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. (ग) भागात म्हटलंय की राज्याकडून माहिती मागवली आहे, मिळाल्यावर सभापटलावर ठेवू. आमची मेहनत पाण्यात गेली का? आणि तिथे दिवसभर चालतं तरी काय?"

बाई, मेहनत पाण्यात गेलेली नाही. उलट तुम्हाला आलेल्या उत्तरातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी तो दिवस नीट समजून घ्यावा लागेल. मी वीसेक वर्षं दिल्लीत राज्यसभेच्या वेगवेगळ्या खासदारांकडे स्वीय सहायक म्हणून काम केलं. प्रश्नांचे मसुदे, विशेष उल्लेखांचे मजकूर, उत्तरं आल्यावरचा पाठपुरावा ही माझी रोजची भाकरी होती. आता बेळगावात टिळकवाडीत घरी असतो. सांगतोय ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे.

तुम्ही विचारलंय दिवसाबद्दल, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. आपल्यासारख्या कोपऱ्यातल्या तालुक्याचा विषय त्या दिवसात नेमका कुठे शिरतो आणि शिरला की कुठे जातो, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. टीव्हीवर दिसतं ते बोलणं. त्याच वेळी, त्याच सभागृहात, कागदाचं एक कामकाज चालू असतं. तहकुबीने बोलणं थांबतं, कागद थांबत नाही. सीमाभागाचं जे काही आजवर पुढे सरकलेलं मी पाहिलं, ते कागदाने सरकलं.

अकरा वाजता सभापती आसनावर येतात. राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती. कुणी माजी सदस्य वारले असतील तर श्रद्धांजली होते. मग 'पटलावर ठेवायचे कागद' येतात. एकेक मंत्री उठतो, आपल्या नावासमोरचे कागद ठेवतो, बसतो. पाच-दहा मिनिटांत आटोपतं. प्रेक्षक याच वेळी चहाला उठतात. मीही सुरुवातीची दोन वर्षं उठत असे.

पण त्या ढिगात काय येतं ते बघा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळी सातवी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत ३५० क आणि ३५० ख ही कलमं आली. पहिलं म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात म्हणून प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमला. त्यालाच आपण भाषिक अल्पसंख्याक आयुक्त म्हणतो. या आयुक्तांचं एक प्रादेशिक कार्यालय बेळगावात होतं, हे तुमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आयुक्तांनी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि राष्ट्रपतींनी तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायला लावायचा, राज्यांनाही पाठवायचा, असं घटनेतच लिहिलंय. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी ज्या पुनर्रचनेने म्हैसूर राज्यात गेलं, तिच्याच जोडीने आपल्या हक्काचा हा कागदही जन्माला आला. तो पटलावर येतो तो याच कंटाळवाण्या दहा मिनिटांत. हे कळलं त्या दिवसापासून मी अकराचा चहा सोडला.

कागद संपले की शून्य प्रहर. खासदाराने आदल्या दिवशी सूचना द्यायची, सभापतींनी परवानगी दिली तर तीन मिनिटं बोलायचं. तीन मिनिटं संपली की माइक आपोआप बंद. वाक्य अर्धं राहिलं तरी बंद. गावाकडची माणसं खासदारांना सांगतात, 'साहेब, शून्य प्रहरात आमचा विषय मांडा', कारण त्याची चित्रफीत मोबाईलवर फिरते. मी मात्र नेहमी विशेष उल्लेखाचा आग्रह धरला. विशेष उल्लेख म्हणजे जास्तीत जास्त २५० शब्दांचा लेखी मजकूर. तो आधी मंजूर करून घ्यायचा आणि सभागृहात वाचायचा किंवा पटलावर ठेवायचा. सन २००० पासून राज्यसभेच्या नियमांत त्याची वेगळी तरतूद आहे. त्याचा फायदा असा की मंत्र्याने साधारण महिनाभरात खासदाराला पत्राने उत्तर द्यायचं असतं. शून्य प्रहरातल्या मुद्द्यावर मंत्र्याने उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नाही. चित्रफीत चार दिवस टिकते. पत्रावर जावक क्रमांक असतो, खाली सही असते.

आता बारा वाजता, प्रश्नोत्तराचा तास. पूर्वी हा अकराला असायचा. २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून राज्यसभेने तो बाराला नेला, कारण अकराचा तास रोज गोंधळात जात होता. दिवसाला १५ तारांकित प्रश्न लागतात आणि १६० अतारांकित. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला उपप्रश्न करता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, मग सोडत निघते. मंत्रालयांचे पाच गट असतात आणि आठवड्याचा एकेक दिवस एकेका गटाला, त्यामुळे चुकीच्या वाराला सूचना दिली तर ती जाग्यावरच पडते. १५ तारांकितांपैकी तासाभरात पाच-सातच तोंडी होतात. उरलेल्यांची उत्तरं लेखी स्वरूपात पटलावर गेली असं धरतात. गोंधळाने अख्खा तास बुडाला तरीही तसंच.

म्हणून तुमचा प्रश्न 'झाला नाही' हे बरोबर नाही. तो झाला. त्याचं उत्तर सभागृहाच्या दफ्तरात गेलं आणि संकेतस्थळावर चढलं. तुमचं गेलं ते उपप्रश्नांचं. ते नुकसान मी लहान म्हणणार नाही. तयार उत्तर वाचून झाल्यावर 'किती शाळांत मराठी शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत तेवढं सांगा' असं समोरासमोर विचारलं की मंत्र्याला मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी मागवावी लागते. तो क्षण तुमच्या हातून गेला, आणि त्यात तुमचा किंवा खासदारांचा काही दोष नाही.

इथे थोडं थांबून प्रश्न लिहायचा कसा ते सांगतो, कारण सगळं तिथेच ठरतं. माझा पहिला मसुदा आपल्याच भागाविषयी होता. नवा होतो, रक्त गरम होतं. आमच्या घरात १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, मूक सायकल फेरीत आजोबा होते, वडील होते, मी होतो. तो सगळा राग मी प्रश्नात ओतला. 'सीमाभागातील मराठी भाषकांवर होणाऱ्या अन्यायाकडे सरकार डोळेझाक का करत आहे' वगैरे. प्रश्न नामंजूर होऊन परत आला. नियम असा आहे की प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, दोषारोप, उपरोध नको. मत विचारायचं नाही. आणि जे न्यायालयापुढे आहे त्यावर माहिती मागायची नाही. माझ्या मसुद्यात यातलं जवळजवळ सगळं होतं. ज्या खासदारांसाठी लिहिला, ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, रागाचं उत्तर द्यायला मंत्री बांधलेला नसतो, माहितीचं द्यायला असतो.

मग आम्ही तोच विषय असा लिहिला:

(क) भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या शेवटच्या अहवालात कर्नाटकातील मराठी भाषकांविषयी कोणत्या शिफारशी आहेत;
(ख) त्यांपैकी कोणत्या शिफारशी राज्य सरकारला कळवल्या आणि कधी;
(ग) राज्य सरकारकडून उत्तर आले आहे काय, आले असल्यास त्याचा तपशील;
(घ) आले नसल्यास केंद्र सरकारने पुढे काय केले?

यात एकही विशेषण नाही. पण (घ) मध्ये मंत्र्याला 'काही केलं नाही' असं लिहिता येत नाही आणि खोटंही लिहिता येत नाही. हा मसुदा स्वीकारला गेला.

तुमचा प्रश्न शिक्षण मंत्रालयाकडे गेलेला दिसतो. म्हणून 'समवर्ती सूची, राज्याची अखत्यारी' हे ठरलेलं वाक्य आलं. ते खोटं नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आलं आणि शाळा राज्यंच चालवतात. पुढच्या वेळी हाच विषय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाकडे पाठवा. आयुक्त त्यांच्याकडे येतात, त्यामुळे 'आमचा विषय नाही' म्हणायला त्यांना जागा कमी. आणि मोजता येईल असं काहीतरी विचारा. शाळेत एकूण ४० किंवा एका वर्गात १० मुलं एका मातृभाषेची असतील तर त्या भाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय, हे प्रमाण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मान्य झालेलं आहे. एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हेही त्याच संरक्षक तरतुदींत आहे. खानापूर तालुक्यात या दोन आकड्यांचं पालन होतं का, एवढं विचारलं तरी उत्तर देणाऱ्याला कागद उघडावे लागतात.

तुमच्यातल्या कुणाच्या मनात येईलच की मग सरळ सीमाप्रश्नच का विचारू नये. भावना मला कळते. पण महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तेव्हापासून तो विषय न्यायप्रविष्ट आहे. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेकडे आहे हे खरं, पण प्रश्नोत्तराच्या तासाचा दरवाजा त्या विषयाला बंद आहे. तिथे डोकं आपटून प्रश्न नामंजूर करून घेण्यापेक्षा शाळा, परिपत्रकं, शिक्षकांच्या जागा हे विचारा. निकाल कधीही, कसाही लागो, तोवर तुमच्या वर्गातली मुलं चौथीची पाचवीत जाणारच आहेत. त्यांच्यासाठीचं कलम आज लागू आहे.

एक ते दोन जेवणाची सुट्टी. दोननंतर विधेयकं. त्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तुमच्या विषयाचा तिथे क्वचितच संबंध येतो. विधेयक विचारात घ्यायचा प्रस्ताव, त्यावर पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटलेल्या वेळेत भाषणं, मंत्र्याचं उत्तर, मग एकेका कलमावर, म्हणजे खंडवार, मतदान. धन विधेयक असेल तर राज्यसभा फक्त शिफारस करू शकते आणि १४ दिवसांत ते परत करावं लागतं. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे २५ सदस्य. संध्याकाळी भाषण रंगात असताना सभागृह अर्धं रिकामं दिसतं, ते पाहून लोक हताश होतात. बरेच सदस्य तेव्हा समित्यांच्या बैठकांत असतात. शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास खासगी सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना राखून ठेवलेले असतात. ती विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, पण २४ एप्रिल २०१५ ला तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेने मंजूर केलं होतं. तो एक शुक्रवार माझ्या चांगला लक्षात आहे.

आता तुमचं उत्तर. मी आलेलं उत्तर नेहमी शेवटून वाचत असे. 'प्रश्न उद्भवत नाही' असं आलं तर तो भाग संपला, मसुद्यात आपणच फट ठेवली असं समजायचं. 'राज्याचा विषय' आलं तर दुसरं मंत्रालय किंवा दुसरं सभागृह शोधायचं. पण 'विचाराधीन आहे', 'तपासून पाहू', 'माहिती गोळा करत आहोत, पटलावर ठेवू' यांपैकी काही आलं, तर ते सरकारने सभागृहाला दिलेलं आश्वासन मानतात. त्याची नोंद होते. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला राज्यसभेची स्वतंत्र शासकीय आश्वासन समिती आहे. मंत्रालयाला मुदतवाढ मागता येते, आश्वासन वगळावं अशी विनंतीही करता येते, पण दोन्हींसाठी समितीकडे कारण द्यावं लागतं.

तुमच्या (ग) भागात हेच वाक्य आहे. म्हणजे त्या गोंधळाच्या दिवशी, कुणीही एक शब्द न बोलता, केंद्र सरकारने खानापूरच्या शाळांची माहिती सभागृहापुढे ठेवायचं कबूल केलं. मी तिथे नोकरीत असतो तर त्या संध्याकाळी समाधानाने घरी गेलो असतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत आणि त्या मी लपवणार नाही. राज्य सरकारने माहितीच पाठवली नाही तर केंद्र तेच सांगत मुदतवाढ घेत राहील. तुमच्या खासदारांची मुदत संपत आली असेल तर पाठपुरावा अर्ध्यात तुटू शकतो. आणि खासदार कुठल्या राज्याचे यानेही फरक पडतो. महाराष्ट्रातून १९ आणि कर्नाटकातून १२ सदस्य राज्यसभेवर जातात, यांतला कुणीही बेळगावबद्दल विचारू शकतो. मी मात्र शाळांच्या प्रश्नासाठी आधी कर्नाटकातल्या सदस्याचं दार वाजवीन. महाराष्ट्राच्या सदस्याने बेळगाव म्हटलं की उत्तर लिहिणारा अधिकारी सावध होतो आणि उत्तर आखूड होतं. कर्नाटकच्या सदस्याने आपल्याच राज्यातल्या शाळांची माहिती मागितली तर तसं होत नाही. आपल्या काही मित्रांना हे रुचणार नाही, पण अनुभव असाच आहे.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. एक वरिष्ठ सभागृह तुमच्या दाराशीच भरतं. बेळगावात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा विधानसभेबरोबर ७५ सदस्यांची कर्नाटक विधान परिषदही तिथे बसते. शाळा राज्याच्या अखत्यारीत, तर त्यांचा खरा हिशेब तिथे मागता येतो. वायव्य पदवीधर मतदारसंघात बेळगाव, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हे येतात, शिक्षक मतदारसंघही तसाच. प्राथमिक शिक्षकांना शिक्षक मतदारसंघात मत नाही, माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना आहे. पण पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील तर पदवीधर म्हणून तुम्ही नाव नोंदवू शकता. ही यादी दर निवडणुकीआधी नव्याने होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. तुमच्या शाळांतल्या किती जणांची नावं त्या यादीत आहेत ते एकदा बघा. सदस्याला भेटायला जाल तेव्हा हा आकडा हातात असू द्या. आणि निवेदन मराठीतच द्या. गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क ३५० व्या कलमाने दिला आहे. सोबत कन्नड प्रत जोडलीत तर काम लवकर होतं, मी स्वतः जोडत असे.

तर आता लगेच करायचं ते एवढंच. उत्तराची छापील प्रत काढा, तिच्यावर प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख असते. त्या तारखेपासून तीन महिने मोजून शाळेच्या दिनदर्शिकेवर खूण करा. या आठवड्यात खासदारांच्या कार्यालयाला दोन ओळींचं पत्र पाठवून विचारा की (ग) भागाची आश्वासन म्हणून नोंद झाली का. तोवर तुमच्याकडची माहिती स्वतः गोळा करून ठेवा: शाळेचं नाव, पटसंख्या, मंजूर जागा, भरलेल्या जागा. जांबोटी-कणकुंबीकडच्या लहान शाळा विसरू नका, तिकडची आकडेवारी नेहमी उशिरा येते. पटलावर जी माहिती येईल ती या यादीशी ताडून बघायची आणि जिथे जुळणार नाही तिथून पुढचा प्रश्न लिहायचा. मसुदा लिहिलात की मला दाखवा, विशेषणं मी काढून देईन.